दोन सुरांची हाक

सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. पिपाणीमामा मनातल्या मनात आकडे मोजत होते आणि समोर चाकांच्या खुर्चीत बसलेली नऊ वर्षांची मुलगी मान एका अंगाला टाकून जमिनीकडे बघत होती. तिची हाक क्लॅरिनेटवर वाजवून झाली होती. तीन सूर, मधला जरा लांबवलेला. आता पाळी तिची होती आणि ती काही कोणाच्या घाईला भीक घालणारी नव्हती. मामांच्या खिशात फोन तिसऱ्यांदा थरथरला. त्यांनी तो वरून हाताने दाबून धरला. त्रेपन्नला मुलीची डावी भुवई वर गेली, गोलातल्या बाकीच्या सहा जणांनी ज्याला जसा जमेल तसा आवाज केला आणि मामा म्हणाले, "आल्या बाईसाहेब. आज दोन आकडे लवकर."

विशेष मुलांच्या त्या शाळेत मामा पाच वर्षं येत होते. त्याआधी सव्वीस वर्षं पोलिसांच्या बँडमध्ये तिसरी क्लॅरिनेट. आता तिसरी क्लॅरिनेट म्हणजे काय, तर पहिली गाणं वाजवते, दुसरी तिच्या सुरात सूर मिळवते आणि तिसरी दोघींच्या मागे उभी राहून पाँ-पाँ करते. निवृत्त झाल्यावर एका छोट्या संस्थेने विचारलं, अशा शाळांत आणि घराबाहेर न पडणाऱ्या मोठ्या माणसांकडे जाऊन वाजवाल का? मामा हो म्हणाले. त्यावर त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला होता. म्हणाली, "अख्खी नोकरी पाँ-पाँ करण्यात गेली, आता म्हातारपणी दोन-तीन सुरांवर आलात. प्रगती आहे म्हणायची."

पण ते दोन-तीन सूर मामांनी मोठ्या मेहनतीने बसवले होते. प्रत्येक मुलाला त्याची त्याची हाक होती. कोणाची दोन सुरांची, कोणाची पाच. मामांची स्वतःचीही एक होती. नावाने हाक मारली तर जी मुलं ढिम्म हलत नसत, ती आपले सूर वाजले की जागी होत. आणि शेवटी निरोप. तो सगळ्यांना एकच. चार सूर पायऱ्या उतरल्यासारखे खाली जात आणि पाचवा टुणकन वर उडी मारी. खाली गेलो ते चार, आणि वरचा तो 'पुन्हा येतो' म्हणणारा. ज्याची हाक वाजवून पुढे निरोप वाजवला, तो निघाला असं समजायचं.

या दोन गोष्टींत खोटं चालत नाही, हे मामा एकदा चांगलं पोळून शिकले होते. पहिल्याच वर्षी शाळेत पाहुणे आलेले असताना त्यांनी हौसेने एका गैरहजर मुलाची हाक वाजवून दाखवली. पाहुण्यांना गंमत वाटली. पण त्या मुलाचा दोस्त शाळा सुटेपर्यंत दाराकडे बघत बसला आणि दुसऱ्या दिवशी त्याने मामांकडे पाठ फिरवली ती महिनाभर. तेव्हापासून मामांनी कानाला खडा लावला. हाक वाजली की माणूस यायलाच पाहिजे. आणि पाच वर्षांत दोनदा, दोन मुलं कायमची गेली तेव्हा, त्यांनी गोलाच्या मधोमध बसून त्यांची हाक वाजवली होती आणि पुढे निरोपाचे चारच सूर. पाचवा वाजवला नाही. मुलांना काय कळलं ते कोणी सांगू शकत नाही, पण त्या दोन्ही दिवशी वर्गात कोणी आवाज केला नव्हता.

तर त्या शुक्रवारी भुवईवाल्या मुलीची हाक झाली आणि मामा पुढच्याकडे वळणार, तोच शाळेच्या मोठ्या बाई आत आल्या. संगीताच्या तासाला बाई कधीही मध्ये येत नसत. त्यांनी वाकून मामांच्या कानात सांगितलं, तुमच्या मंगळवारच्या घराकडून फोन आलाय. तिथल्या मुलाची बहीण बोलत होती. तो कालपासून दार लावून आत बसलाय, आणि ते आता दार तोडणार आहेत.

मामा ताडकन उठले. त्यांनी क्लॅरिनेट तशीच जोडलेली काखेत मारली, पेटी उचलली आणि चालू पडले. रिक्षात बसल्यावर दहा मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं की आपण मुलांना निरोप न वाजवताच आलो. पाच वर्षांत पहिल्यांदा. पण आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

मंगळवारचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तिथे एक आई आणि तिचा एक्केचाळीस वर्षांचा मुलगा राहत. मुलगा बोलत नसे, आणि अकरा वर्षांत उंबरा ओलांडून बाहेर आला नव्हता. मामा त्याला 'मास्तर' म्हणत. त्याचं कारण असं की बँडमध्ये बँडमास्तर जसा प्रत्येकाचं वाद्य तपासायचा, तसा हा दर मंगळवारी मामांची क्लॅरिनेट स्वतः उघडून, पुसून, तुकडा न् तुकडा ज्याच्या त्याच्या खाचेत ठेवून पेटी बंद करायचा. दोन खटके, खट खट. मग उठून घराचं दार उघडायचा आणि माणसं बाहेर पडेपर्यंत ते हाताने धरून उभा राहायचा. हे त्याचं काम होतं आणि ते त्याने एका मंगळवारीही चुकवलं नव्हतं. शिवाय, मामांच्या बँडमधल्या कूचगीतातली नुसती तिसरी क्लॅरिनेट, म्हणजे निव्वळ पाँ-पाँ, आवडीने ऐकणारा सबंध जगात तो एकटाच माणूस होता.

त्याच्या आईला मामा मावशी म्हणत. एकोणऐंशी वर्षांची बाई, गुडघे गेलेले, हातात काठी. तिचीही हाक होती, आणि ती मामांनी बसवलीच नव्हती. मावशी स्वयंपाकघरातून बाहेर येताना नेहमी ओरडायची, "आऽले." पहिला सूर उंच, दुसरा त्याच्याखाली. मामांनी तेच दोन सूर उचलले. मास्तरची हाक वाजली की पाठोपाठ 'आऽले' वाजायचं आणि मावशी हात पुसत येऊन बसायची. तास संपला की आधी तिचा निरोप, मग मामांचा, कारण आठवड्यातून त्यानंतरचा एकच तास मुलगा शांत असायचा आणि तेवढ्यात ती दुकानात जाऊन यायची. मामांच्या कोपराला धरून तीन मजले उतरायची. दर पायरीवर दोन्ही पाय टेकवून.

मामा धापा टाकत वर पोचले तेव्हा जिन्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. अग्निशमन दलाची तीन माणसं शिरस्त्राणं घालून उभी होती आणि त्यांच्यातल्या एकाच्या हातात भलीमोठी पहार होती. खालच्या मजल्यावरची शेजारीण पायरीवर बसून होती. एक तरुण डॉक्टर घड्याळ बघत होता. आणि दाराला कपाळ टेकून एक पन्नाशीची बाई उभी होती, ती मास्तरची बहीण. ती दुसऱ्या गावी असे आणि वर्षातून तीन-चारदा येई; तिच्यासाठीही मामांनी एक हाक बसवली होती.

शेजारणीने जे झालं ते सांगितलं. काल संध्याकाळी मावशी स्वयंपाकघरात पडली. फोन करण्याइतपत शुद्ध होती. रुग्णवाहिकेची माणसं आली, धडाधड आत शिरली, तिला उचललं आणि घेऊन गेली. शेजारीण सामान घेऊन त्यांच्यामागे खालपर्यंत गेली, आणि परत वर आली तर आतून कडी. तेव्हापासून तो कोणाला दाद देत नव्हता.

डॉक्टरने पुढचं सांगितलं. पेशंटला फिट्स येतात. काल रात्रीची आणि आज सकाळची अशा दोन गोळ्या चुकल्यात. मागे एकच चुकली होती तेव्हा पलंगाच्या कडेवर डोकं आपटून टाके पडले होते. आता दुपारचीही चुकली आणि बंद घरात फिट आली, तर आपण बाहेर उभे राहून ऐकत बसायचं का? दोन वाजेपर्यंत थांबतो, मग दार तोडा. दोन वाजायला पस्तीस मिनिटं होती.

बहिणीने मामांना बाजूला घेतलं आणि अर्धा जिना खाली नेलं. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज अगदी हळू होता.

"मामा, आई गेली. सकाळी सहाला."

मामा कठड्याला धरून उभे राहिले. मंगळवारीच मावशी त्यांच्या कोपराला धरून उतरली होती आणि दुसऱ्या मजल्यावर थांबून म्हणाली होती की तुमच्या शर्टाचं बटण सैल झालंय, काढून द्या, मी लावून देते. बटण अजून तसंच लोंबत होतं.

बहीण सांगत होती. अकरा वर्षांपूर्वी, मास्तर एका वसतिगृहात असताना, त्यांनी असंच त्याच्या अंगावर न्हाणीघराचं दार तोडलं होतं. त्याने भिंतीवर डोकं आपटून घेतलं आणि मग त्याला तीन आठवडे पलंगाला बांधून ठेवलं. आईने तिथून त्याला घरी आणलं आणि सांगितलं की मी जिवंत आहे तोवर याच्यावर पुन्हा कोणी दार तोडणार नाही. "आता ती नाही, आणि ही माणसं पहार घेऊन उभी आहेत," बहीण म्हणाली. "दार तुटलं तर तो परत माणसात यायचा नाही, मामा."

एवढंच होतं सगळं. दार तुटायचं किंवा आतून उघडायचं, आणि मध्ये पस्तीस मिनिटं. मामांच्या तोंडाला कोरड पडली आणि कोरड्या तोंडाने क्लॅरिनेट वाजत नाही. शेजारणीने पाणी दिलं. ते पिऊन मामा दारासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी मास्तरची हाक वाजवली. चार सूर, शेवटचे दोन जोडीने. वाजवून थांबले. एक ते साठ मोजलं. मग शंभर. थांबण्यात मामांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण त्या दिवशी त्यांचे आकडे सारखे पुढे पळत होते. आतून काही नाही.

मग त्यांनी बहिणीची हाक वाजवली, म्हणजे ती आलीय हे त्याला कळावं. काही नाही. मग कूचगीतातली पाँ-पाँ, सबंध, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पहारवाला आपल्या सोबत्याकडे बघून कसनुसा हसला. चार भिंतींच्या आत आवडणारी ती पाँ-पाँ जिन्यात फारच केविलवाणी वाटत होती, हे मामांनाही कळत होतं. पण लाज बाळगायची ती वेळ नव्हती. पाँ-पाँ संपली आणि आतून भांडंसुद्धा वाजलं नाही. डॉक्टर म्हणाला, वीस मिनिटं.

तेव्हा बहीण मामांच्या शेजारी बसली.

"आईची हाक वाजवा."

मामांनी क्लॅरिनेट खाली घेतली.

"ती वाजली की तो कुठूनही पळत येतो. मी स्वतः बघितलंय. वाजवा ना."

"ताई, ती हाक म्हणजे 'आले'. तो दार उघडेल आणि मावशीला शोधेल. दारात कोण, तर हे तिघं."

अग्निशमन दलाच्या त्या तिघांतला जो प्रमुख होता, तो पुढे झाला. आडदांड, मिशाळ माणूस, पण वाईट नव्हता. तो म्हणाला, काका, दोन सूर वाजवल्याने काम होत असेल तर वाजवून टाका, आम्हालाही दारं तोडायची हौस नाही. एकदा दार उघडलं की पुढचं आम्ही बघतो. कोणाला इजा होणार नाही, माझी जबाबदारी.

"होणार," मामा म्हणाले. "आज होणार नाही, पण उद्यापासून त्याला काहीही खरं वाटणार नाही. मीसुद्धा नाही. मग त्याला बोलवायला तुम्ही काय वाजवणार?"

बहिणीचा तोल सुटला. ती फाडफाड बोलली. तुम्हाला तुमच्या नियमांची पडलीय, आत माझा भाऊ आहे, त्याला काही झालं तर तुमचे सूर घालायचेत काय चुलीत? मामांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. ती बरोबर होती. तेही बरोबर होते. आणि दोघं बरोबर असूनही दार बंद होतं, याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या मागे उभं राहून वाजवलेल्या माणसाला आज सगळे पुढे ढकलत होते, आणि त्याच्याकडे वाजवायला काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात खिशातला फोन पुन्हा थरथरला. शाळेच्या मोठ्या बाई. मामा म्हणाले, बाई, आत्ता नको. पण बाईंच्या मागून जे रडणं ऐकू येत होतं ते ऐकून ते थांबले. बाई म्हणाल्या, मुलं गोलातून उठत नाहीयेत. खुर्चीला हात लावला की भुवईवाली किंचाळते. जेवणं खोळंबलीत. मी निरोप गुणगुणून बघितला तर अजूनच भडकली. तुम्ही न सांगता गेलात मामा, त्यांच्या लेखी तुम्ही अजून इथेच आहात.

मामांनी प्रमुखाकडे बघितलं. मग फोन पायरीवर ठेवला, त्यातून आवाज नीट जाईल असा केला आणि म्हणाले, "एकच मिनिट द्या. पोरांचा निरोप राहिलाय."

प्रमुखाने कपाळाला हात लावला. इथे एक माणूस आत अडकलाय आणि हा म्हातारा फोनला क्लॅरिनेट ऐकवतोय. पण तोवर मामांनी स्वतःची हाक वाजवली होती आणि पुढे निरोप सुरू केला होता. चार सूर जिन्यातून खाली उतरले आणि पाचवा वर गेला. फोनमधला गोंधळ हळूहळू ओसरला. बाई म्हणाल्या, उठतायत, उठतायत, आणि फोन बंद झाला.

आणि दाराच्या आत पावलं वाजली.

स्लिपरची फटक फटक, आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत, आणि दाराच्या अगदी जवळ येऊन थांबली. बहिणीने तोंडावर हात घेतला. पहारवाला पुढे सरकला, तसं मामांनी हाताने त्याला अडवलं. सगळे जिवाचा कान करून ऐकत होते. आत कोणीतरी दाराशी उभं राहून श्वास घेत होतं. पण कडी काही निघाली नाही.

मामांच्या डोक्यात तेव्हा लख्ख झालं, आणि इतका वेळ हे सुचलं नाही म्हणून त्यांना स्वतःची चीड आली. त्यांच्या लेखी तुम्ही अजून इथेच आहात, असं बाई म्हणाल्या होत्या. काल संध्याकाळी त्या माणसांनी मावशीला उचलून नेलं. निरोप न होता. पाच वर्षांत ती एकदाही निरोपाशिवाय त्या दारातून बाहेर गेली नव्हती. मास्तरच्या हिशेबी ती गेलेलीच नव्हती. तिचं जाणं राहिलं होतं, आणि ते झाल्याशिवाय तो दार उघडणार कसा?

ते उठून बहिणीजवळ गेले.

"ताई, मी त्याला सांगू का?"

"काय?"

"मावशी गेल्याचं. खरं तेच. तिचा निरोप वाजवतो. पण शेवटचा सूर नाही वाजवणार. तो परत येणाऱ्याचा असतो."

"आणि त्याला ते सहन नाही झालं तर?"

"ते मला माहीत नाही," मामा म्हणाले. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. "तुमची आई आहे. तुम्ही हो म्हणालात तरच."

बहिणीने दाराकडे बघितलं. मग डॉक्टरच्या घड्याळाकडे. सात मिनिटं होती. तिने आधी मानेनेच नाही म्हटलं, मग डोळे मिटले, आणि मग हो म्हणाली.

मामांनी डॉक्टरकडे गोळी मागितली. पेटीत क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायच्या पात्या ठेवायचा एक छोटा कप्पा होता, त्यात ती पाकिटासकट ठेवली. डॉक्टरला वाटलं म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. मामा म्हणाले, ही मावशींचीच युक्ती. हातातून दिलेली गोळी तो घेत नाही. पेटीत सापडली की घेतो. मंगळवारची दुपारची गोळी तो पाच वर्षं या कप्प्यातून घेतोय. मग त्यांनी उघडी पेटी उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवली आणि प्रमुखाला विनंती केली की तुमच्या माणसांना आणि पहारीला खालच्या मजल्यावर जाऊ द्या. प्रमुख थोडा घुटमळला, पण त्याने हाताने खूण केली. तो स्वतः तिथेच थांबला.

मामा उभे राहिले. निरोप ते बसूनच वाजवत, पण आज बसवेना.

त्यांनी 'आऽले' वाजवलं. दोन सूर. आणि श्वास न सोडता लगेच निरोप जोडला, म्हणजे मध्ये क्षणभरही खोट्याला जागा राहायला नको. एक, दोन, तीन, चार. चौथा सूर त्यांनी संपेपर्यंत धरला आणि तोंडातून क्लॅरिनेट काढली. पाचवा जिन्यात कुठेच नव्हता. आत श्वास थांबल्यासारखा झाला.

मग त्यांनी स्वतःची हाक वाजवली आणि स्वतःचा निरोप. पाचही सुरांचा. मी जातोय, पण मी येणार आहे.

आता मोजायचं. दहा, वीस, तीस. डॉक्टर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. साठ. नव्वद. बहीण भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसली. मामांना वाटलं, संपलं, आपण पोराला तोडून टाकलं. आता आत डोकं आपटल्याचा आवाज येणार, आणि तो आवाज आपल्याला मरेपर्यंत ऐकू येत राहणार. एकशेचाळीस. एकशे एक्केचाळीस.

कडी निघाली.

दार उघडलं आणि मास्तर समोर उभा होता. कालचेच कपडे, विस्कटलेले केस, खालचा ओठ चावून चावून सुजलेला. त्याने कोणाकडे बघितलं नाही. तो कधीच कोणाकडे बघत नसे. त्याने मामांच्या हातातून क्लॅरिनेट घेतली आणि तिथेच उंबऱ्यावर फतकल मारून बसला. तोंडाकडचा भाग काढला, पुसला, ठेवला. मधले दोन तुकडे पुसले, ठेवले. खालची तुतारी पुसली, ठेवली. आज त्याचा हात नेहमीपेक्षा हळू चालत होता, पण एकही तुकडा चुकीच्या खाचेत गेला नाही. मग छोटा कप्पा. त्याने पाकीट बाहेर काढलं, उलटसुलट करून बघितलं, फोडलं आणि गोळी तोंडात टाकली. गिळली. डॉक्टरने इतका मोठा सुस्कारा सोडला की तो सगळ्यांना ऐकू आला.

खट. खट. पेटी मामांच्या हातात आली.

आता झालंच, असं वाटून प्रमुख पाऊल पुढे टाकणार, तोच मास्तर उठला. त्याने दार पार मागे लोटलं, तळव्याने भिंतीशी दाबून धरलं आणि अंग चोरून उभा राहिला. दारातली वाट मोकळी करून. नजर खाली, उंबऱ्यावर.

प्रमुखाला काही उमगलं नाही. तो आत जायला वळला.

"थांबा," मामा हलकेच म्हणाले. "मावशी जातायत."

मिशाळ प्रमुख जागच्या जागी थबकला. मग त्याने डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं आणि भिंतीला पाठ लावून जिन्याची वाट रिकामी केली. डॉक्टर एक पायरी खाली सरकला. बहीण उठून उभी राहिली होती आणि तिच्या डोळ्यांतून आता पाणी वाहत होतं. मास्तर दार धरून उभा होता. मावशीला उंबरा ओलांडायला वेळ लागायचा. आधी काठी, मग उजवा पाय, मग दाराच्या चौकटीला धरून डावा. मग ती वळून त्याची कॉलर सारखी करायची. तेवढा सगळा वेळ तो थांबला. मध्ये एकदा त्याने मान किंचित पुढे केली, आणि काही क्षण तशीच ठेवली.

मग, आता मामांनी जायचं म्हणून, त्याने नेहमीसारखं दार थोडं ओढून घेतलं. निरोप झालेला माणूस थांबत नाही. मामांनी बहिणीला मानेनेच आत जा म्हणून सांगितलं, ती भावाच्या बाजूने आत गेली आणि त्याने तिला जाऊ दिलं.

मामा जिना उतरू लागले. एका हातात पेटी. दुसरं कोपर नेहमीच्या सवयीने थोडं बाहेर काढलेलं. खाली उभे असलेले दलाचे दोघं जण बघत होते की हा म्हातारा चांगला धडधाकट असून एकेका पायरीवर दोन्ही पाय का टेकवतोय. दुसऱ्या मजल्यावर मामा जरा थांबले, शर्टाच्या लोंबत्या बटणाला हात लावला आणि पुन्हा तसेच उतरू लागले.